सांगली ते कोबार, व्हाया सनीव्हेल

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१४ मे २००४

ती. वसुधाताईंना सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी वीणा, सत्यजितची बायको. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. तुमचा पत्ता मी तुमच्याच राखीच्या पाकिटावरून घेतलाय. दर वर्षी राखी येते, सत्यजित ती टॅक्सच्या कागदांच्या खणात ठेवून देतो. बांधत नाही, पण टाकतही नाही. कोबार हे गाव मी नकाशात शोधलं. न्यू साउथ वेल्समध्ये पार आत, समुद्रापासून लांब. इतक्या आत जाऊन राहिलेली ही नणंद कशी असेल, असं उगाच वाटत राहिलं.

पत्राचं कारण असं की पुढच्या वर्षी आम्ही तुमच्या भागात गाडीने फिरायचं म्हणतोय. किनाऱ्यावरचं काही नको, ते सगळेच बघतात. आतल्या बाजूचे, बघण्यासारखे रस्ते हवेत. कुठून कुठे किती किलोमीटर, मध्ये कोणती गावं, किती वेळ लागतो, रस्त्याच्या कडेला काय दिसतं, असं सविस्तर लिहून पाठवाल का? मराठीत लिहिलंत तर फारच बरं. फोटो नकोत.

सत्यजितला यातलं काही माहीत नाही. त्याला सरप्राइज द्यायचंय. पत्रपेटीची किल्ली माझ्याकडेच असते, तेव्हा निर्धास्त पाठवा.

तुम्हाला वन्सं म्हणायचं की ताई, हे ठरवायला कोणी मदत केली नाही. म्हणून ताई.

आपली,
वीणा


९ जून २००४

ती. वसुधाताई,

पकडलंत. टुरिस्ट ऑफिसातलं एक चकचकीत माहितीपत्रक आणि त्यावर पेनाने एक ओळ: “फोटो नकोत अशी ट्रिप कोण काढतं?” ती वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले आणि मग मला भीती वाटली. खरं सांगते. आम्ही कुठेही जाणार नाही आहोत. सत्यजितने देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत यायला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का लागतो. तो घ्यायला मुंबईला गेलेला त्याचा मित्र अमित चार महिने तिकडेच अडकला आणि इकडे त्याची नोकरी गेली. त्यामुळे आम्ही हलत नाही. मला तर माझ्या व्हिसावर नोकरीही करता येत नाही. गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेय. इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत.

आणि माझे सासरे, तुमचे अण्णा, इथे आहेत. गेल्या ऑक्टोबरपासून.

हे आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही पत्र फाडून टाकाल असं वाटलं, म्हणून लपवलं. त्यांचे डोळे गेलेत, ताई. काचबिंदू. उजव्या डोळ्याला काहीच नाही, डाव्याला उजेड-अंधार एवढंच कळतं. सकाळी सत्यजित ऑफिसला गेला की दार बंद होतं, ते संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. मध्ये मी, अण्णा आणि त्यांचं बोलणारं घड्याळ. बटण दाबलं की ते इंग्रजीत वेळ सांगतं. अण्णा दर दहा मिनिटांनी दाबतात. पहिले दोन महिने मला ते उचलून खाली स्विमिंग पूलमध्ये फेकावंसं वाटायचं.

जानेवारीत एकदा त्यांचा हात धरून मी त्यांना चालत लायब्ररीत घेऊन गेले. मी मासिकं चाळत होते, ते खुर्चीत ताठ बसले होते. एकदम म्हणाले, “इथे ऑस्ट्रेलियाचं काही असेल का बघ.”

मी विचारलं, “काय हवंय? इतिहास?”

“रस्त्यांचं बघ. माणसांचं नको.”

आतल्या ऑस्ट्रेलियातून गाडीने फिरायच्या रस्त्यांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. एकतीस मार्ग. त्या दिवसापासून आमची सर्व्हिस सुरू झाली. जेवणं झाली की बरोबर दीड वाजता अण्णा पायात चपला घालून बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसतात. घरात चपला! पहिल्या दिवशी मी बोलले, तर म्हणाले, “ड्यूटीवर अनवाणी जात नसतात.” तेहतीस वर्षं एसटीच्या सांगली आगारात वाहतूक नियंत्रक होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी इंग्रजीतून वाचून मराठीत सांगते आणि ते मध्ये मध्ये अडवतात. डिझेल कुठे? रस्ता डांबरी की कच्चा? ड्रायव्हरला चहा कुठे? पाऊस झाला तर कुठून वळवायची? लाल माती, वाळलेल्या नद्या, दीडशे किलोमीटर सरळ रस्ता आणि एक घर नाही. पुस्तकात ‘निसर्गरम्य’ म्हटलेलं असतं. अण्णा म्हणतात, “रम्य सोड, वेळ सांग.”

एप्रिलमध्ये पुस्तक परत द्यावं लागलं, कारण दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लागला होता. एकतीसही मार्ग दोनदा झाले होते. मग मी काय केलं? मनाने रचून सांगायला लागले. ताई, मी नागपूरला कॉलेजात भूगोल शिकवत होते. भूगोलाची एम.ए. मी, आणि मी त्या सपाट प्रदेशात घाट घातला! वर चढून गेल्यावर चहाची टपरीही उघडून दिली.

अण्णांनी घड्याळ दाबलं. म्हणाले, “एका तासात तू शंभर किलोमीटर आणि एक घाट काढलास. शिवाय ज्या देशात माणूस दिसत नाही तिथे टपरी कुणासाठी टाकली त्याने? बंद कर. नसलेल्या मार्गावर मी गाडी सोडत नाही.”

दोन दिवस बोलले नाहीत. जेवले नावापुरते. तेव्हा मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं.

तुमचं माहितीपत्रकही वाचून दाखवलं, कुठून आलं ते न सांगता. पाच ओळी ऐकून म्हणाले, “हे विकायला लिहिलंय.”

त्यांच्या व्हिसाची वाढवलेली मुदत ११ ऑक्टोबरला संपते. पुन्हा वाढणार नाही. मग ते सांगलीला चुलतभावाच्या मुलाकडे, गिरीशकडे जाणार. त्या घरात त्यांना कोणी काही वाचून दाखवेल असं मला वाटत नाही.

ते तुमचं नाव घेतात का? नाही. घरात तुमचा विषय निघत नाही. पण जगात इतके देश असताना हा माणूस ऑस्ट्रेलियाचे रस्तेच मागतो. मी काही खुळी नाही. ११ ऑक्टोबरच्या आत त्यांनी एकदा तुमचं नाव घ्यावं, एवढीच माझी इच्छा आहे. मला त्यात काय मिळणार, असं विचाराल. या घरात काहीतरी कुठेतरी पोचलेलं मला बघायचंय.

एक मार्ग लिहा. एकच. तुम्ही रोज जाता तो.

वीणा


१२ जुलै २००४

ती. वसुधाताई,

तुमची चार पानं पोचली. आधी मी एकटीने न्हाणीघरात बसून वाचली, कारण या घरात तेवढंच एक दार आहे जे मला आतून लावता येतं.

दीड वाजता मी सुरुवात केली. “डब्बोहून सकाळी साडेसहाला निघावे. गावाबाहेर पडल्यावर डाव्या हाताला गव्हाची कोठारे. निंगनपर्यंत एकशे पासष्ट किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटे. तिथे डिझेल भरून घ्यावे, पुढे कोबारपर्यंत भरवसा नाही. डाव्या हाताला...”

अण्णांचा हात घड्याळाच्या बटणावर होता. तो तसाच राहिला. त्यानंतर तासभर त्यांनी घड्याळ दाबलं नाही. मला एकदाही अडवलं नाही. डिझेल, चहा, कच्चा रस्ता, पावसात बंद होणारा भाग, संध्याकाळी रस्त्यावर येणारे कांगारू, जंगली शेळ्यांचे कळप, सगळं त्यांच्या मनात यायच्या आधी तुम्ही लिहिलेलं होतं. मी संपवलं.

“परत वाच,” म्हणाले.

परत वाचलं. मग हळूच म्हणाले, “डाव्या हाताचं आधी सांगायचं, हे कुणी शिकवलं याला?”

मी म्हटलं, “कुणाला?”

“लिहिणाऱ्याला.”

“मला काय माहीत अण्णा. तुम्हीच सांगा.”

रात्री सत्यजितला मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं. तो म्हणाला, “लहानपणी अण्णा सुट्टीत आम्हाला गाडीत कंडक्टरच्या सीटवर बसवून पाठवायचे. परत आलं की रस्ता तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आधी डाव्या हाताचं, कारण थांबे डावीकडे असतात. मला कधी जमलं नाही यार. ताईला एकदम परफेक्ट यायचं.” लग्नानंतर त्याच्या तोंडून ‘ताई’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तो लगेच उठून टीव्ही लावायला गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी एक चूक काढली. खूश झाले होते ते चूक सापडल्यावर! म्हणाले, “निंगन ते कोबार एकशे तीस किलोमीटर, सव्वा तास लिहिलाय. म्हणजे ताशी शंभराच्या वर. आणि वर कांगारू येतात असंही लिहिलंय. लिहिणाऱ्याला कळव, दीड तास धर. घाई कसली आहे?”

कळवलं. दीड तास धरा, ताई.

तुम्ही विचारलंत, कोणी लिहिलंय ते त्यांना कळेल का. कळलंय. पण लिहिणाऱ्याच्या पुढे ते सरकत नाहीत. आणखी एक मार्ग पाठवा. विल्कॅनियाचा पाठवा, नदीकाठचा.

वीणा


१६ ऑगस्ट २००४

वसुधाताई,

तुमचं पत्र वाचलं. मार्ग नाही, सहा ओळी. “त्यांना ‘लिहिणारा’ पुरत असेल तर मला पुरत नाही. माझ्या बाबतीत काय झालं ते सत्यजितला विचार.”

विचारलं. त्याने सांगितलं. लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना तुम्ही मोडलंत आणि नर्सिंगच्या नोकरीवर निघून गेलात. पत्रिका वाटून झाल्या होत्या, अख्ख्या आगाराला आमंत्रण होतं. दोन वर्षांनी आई आजारी म्हणून तुम्ही बॅग घेऊन दारात आलात आणि अण्णा म्हणाले, “इथला थांबा बंद झालाय. पुढे जा.” आई आत होत्या. एकोणीस वर्षांचा सत्यजित दाराआड उभा होता आणि तो बाहेर आला नाही. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. तुमच्या राख्या तो का बांधत नाही हे मला आता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटते.

मी तुमच्या जागी असते तर चार पानं तर सोडाच, चार अक्षरंही लिहिली नसती. तेव्हा तुम्हाला शहाणपण शिकवायचा मला काही अधिकार नाही.

तरी मला तुमचा राग आला. अण्णांचाही आला, सत्यजितचा त्याहून जास्त. तुम्ही तिघं मोठमोठ्या अंतरांवर गप्प बसता आणि मध्ये ह्या दोन खोल्यांत मी अडकलेय. रोज दीड वाजता अण्णा चपला घालून बसतात. मी म्हणते, आज काही नाही आलं. ते म्हणतात, “रद्द?” मी म्हणते, “रद्द.” मग तसेच तासभर बसून राहतात, चपला न काढता. परवा मी खोटी गाडी काढायला निघाले होते, पण धीर झाला नाही.

मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा नापास झाले. वळताना खांद्यावरून मागे बघितलं नाही म्हणे. आदल्या संध्याकाळी अण्णांनी शेजारी बसून पार्किंगमध्ये माझ्याकडून गाडी फिरवून घेतली होती. नुसत्या इंजिनाच्या आवाजावर सांगत होते, “ब्रेक उशिरा लावलास. आता सोड.” तेवढ्या अर्ध्या तासात मला या देशात कुठेतरी जाता येईल असं वाटलं होतं.

तुम्ही ‘लिहू नकोस’ म्हणालात तर मी पुन्हा त्रास देणार नाही. आठ आठवडे उरलेत.

वीणा


२४ सप्टेंबर २००४

ती. ताई,

हे पत्र जपून वाचा. कामावरून आल्यावर, बसून.

राखीचं तुमचं पाकीट लेबर डेच्या आदल्या शनिवारी आलं. मी ते उघडलं नाही. या वेळी ते जाड होतं. जेवणाच्या टेबलावर सत्यजितच्या ताटाशेजारी ठेवून दिलं. खणात टाकायचं तर माझ्यादेखत टाक, असं मी म्हटलं. त्याने उघडलं. राखी निघाली आणि खाली दोन पानं. वरची ओळ त्याने वाचली: “कोबारहून माझ्या घरी.”

“वीणा, हे काय आहे? किती दिवस चाललंय हे?”

मी म्हटलं, “मे महिन्यापासून. ओरडायचं असेल तर खाली पार्किंगमध्ये जाऊन ओरड, अण्णा झोपलेत.”

तो ओरडला नाही. सोमवारी सुट्टी होती. दीड वाजता अण्णा चपला घालून बसले आणि मी काही म्हणायच्या आत सत्यजित समोर खुर्ची ओढून बसला. त्याच्या हातात पानं होती आणि मनगटावर राखी. त्याला मराठी वाचायची सवय राहिलेली नाही. अडखळत वाचत होता.

“कोबारच्या दवाखान्यापासून दक्षिणेला निघावे. चार किलोमीटर डांबरी, पुढे सात किलोमीटर कच्चा. पावसानंतर दोन दिवस गाडी घालू नये. डाव्या हाताला जुन्या तांब्याच्या खाणीचा ढिगारा. मग डाव्या हाताला पाण्याची टाकी, पवनचक्की मोडकी. गुरे अडवायला रस्त्यात लोखंडी नळ्या बसवल्या आहेत, त्यावरून जाताना गाडी खडखडते. तो आवाज आला की घर जवळ आले. डाव्या हाताला दुधाच्या जुन्या कॅनची पत्रपेटी. फाटक लाल. अकरा किलोमीटर, पंचवीस मिनिटे.”

अण्णांनी तोंड आवाजाच्या दिशेने वळवलं. “आज तू वाचतोयस?”

“हो.”

“त्या दिवशी तू दाराआड होतास. मला दिसलास.”

सत्यजितने पानं मांडीवर ठेवली. मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथून त्याचे कान लाल झालेले दिसत होते. तो म्हणाला, “मी बाहेर यायला पाहिजे होतं.”

“कुणी सांगितलं असतं तरी तू आला नसतास,” अण्णा म्हणाले. “तू मला घाबरायचास. ती घाबरायची नाही.” खाली पूलमध्ये मुलं ओरडत होती. मग अण्णा म्हणाले, “ते खडखडायचं काय ते परत वाच.”

त्यानंतर पंधरा दिवस हाच एक मार्ग चाललाय. दुसरा नकोच म्हणतात. काल मला म्हणाले, वही-पेन घे, वेळापत्रक करायचंय. मी जमिनीवर बसून रेघा मारल्या. ते सांगत गेले: सांगली, मुंबई, सिडनी, डब्बो, निंगन, कोबार. प्रत्येक गावापुढे पोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ. निंगन ते कोबार दीड तास! विमानाच्या वेळा त्यांनी सत्यजितला फोन करून शोधायला लावल्या. ताई, त्यांची किडनीही आता बरी नाही. इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की भारतापर्यंतचा प्रवासच कसाबसा होईल. तो झाला की पुन्हा विमानात बसायचं नाही. हे त्यांनाही माहीत आहे. तरी वेळा लिहायला लावत होते आणि मी लिहीत होते.

शेवटच्या ओळीवर मी लिहिलं, लाल फाटक. “अण्णा, इथे काय लिहू? थांबा?”

“नाही,” म्हणाले. “थांबा मी बंद केलाय. एकदा बंद केलेला नियंत्रकाला आपल्या मर्जीने चालू करता येत नाही.”

इतकं करून शेवटी तेच, असं वाटलं. मी पेन ठेवून दिलं.

“विनंती थांबा लिही,” ते म्हणाले.

मी नागपूरकडची असले तरी एवढं मलाही माहीत आहे. गाडी तिथे आपण होऊन थांबत नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने हात दाखवला तरच थांबते. मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“वसुधाला कळव.” नाव घेतलं त्यांनी, ताई. सहज, रोज घेत असल्यासारखं. “वसुधाला कळव, मला हात दाखवलेला दिसणार नाही. हाक मारायला सांग.”

मग त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं. ते नेहमीसारखं इंग्रजीत बोललं आणि ते अडीच वाजेपर्यंत तसेच बसून राहिले. मी उठून भांडी घासायला गेले आणि नळ सोडून रडले.

आता तुमचं तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही, करायचा तेवढा करून झालाय. हे पत्र तुमच्या त्या दुधाच्या कॅनमध्ये पडेल तेव्हा हातात जेमतेम आठवडा असेल. आमच्या घरचा फोन नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. तुमची सकाळी साडेसहाची वेळ म्हणजे आमच्याकडची आदल्या दिवशीची दुपारी दीडची. त्या वेळी ते चपला घालून बसलेले असतात.

तुमची,
वीणा